काळाचं पाऊल

वासात नोव्हेंबरमध्ये दुपारी तीनलाच दिवे लागतात.
तिसऱ्या मजल्यावर मी एका रोहित्राचं वेटोळं रचते आहे,
तांब्याचं, पण ज्यात गुंजभरही तांबं नाही.
एकशे बारा वेढे. भोवती हवेचा गोळा.
गोळ्यापलीकडे काही नाही,
कारण काही नाही असं मीच लिहून दिलंय.

मग जाळं टाकलं सगळ्यावर.
मोकळ्या हवेत ढोबळ, कोपऱ्यांत बारीक,
तांब्याच्या कडेला केसाहून बारीक;
कारण उलटसुलट धावणारी धारा गाभ्यात शिरायला नाखूश,
कातडी धरून पळते.
शेजारच्या टेबलावरचा ओस्सी म्हणतो,
आमच्या माणसांचं नेमकं उलटं,
सगळं गाभ्यात, कातडीला पत्ता नाही.

स्रोत: साइन. सेकंदाला पन्नास आवर्तनं.
काळाचं पाऊल: सेकंदाचा शंभरावा भाग.
चालव.

हिरवी पट्टी न अडखळता शंभरावर गेली.
एकही इशारा नाही. उत्तर स्थिरावलं, म्हणे.
पडद्यावर एक आडवी रेघ.
शून्य, शून्य, शून्य,
नीट पाहिलं तर शून्यही नाही,
दशांशचिन्हामागे पंधरा शून्यं
आणि त्यांच्या टोकाशी चिमूटभर केर.

सांधे तपासले. चिन्हं तपासली.
तांब्याचं ॲल्युमिनियम केलं, परत तांबं केलं.
जेवले नाही.
यंत्रावर आळ घ्यायलाही जागा नव्हती,
सांगितलं तेवढंच त्यानं केलं होतं.

ओस्सी कॉफी घेऊन आला, वाकला, हसला.
"तू दार उघडतेस तेव्हा तो बरोब्बर उंबरठ्यावर असतो.
जाताना एकदा, येताना एकदा.
कुठं जाऊन येतो, ते तू बघतच नाहीस."

माझ्या दोन पावलांच्या मधे
तीनशे अँपिअरचा डोंगर उभा राहत होता आणि विरत होता,
पुढच्या दोघांमधे तेवढीच खोल दरी.
आणि मी नोंदवत होते: काही नाही.

पाऊल लहान केलं. दोन हजारावा भाग.
पट्टी आता गोगलगाय झाली,
चार टक्के, पाच, परत पाच.
खिडकीत पार्किंगवरचा बर्फ निळा पडत चाललेला.

कास्किनेनला माझे वडील राहतात, राउनो.
तेहतीस वर्षं याच कारखान्यात त्यांनी
हातांनी वेटोळी गुंडाळली.
रविवारी सहाला मी फोन करते,
ते सौनातून नुकते बाहेर आलेले असतात,
म्हणतात, इथं काही विशेष नाही.
आई गेल्यापासून चार वर्षं, दर रविवारी,
सहाला.

आज मंगळवार. चार वाजून वीस मिनिटं.
घंटी खूप वेळ वाजत राहिली.
"कोण गेलं?" हाच पहिला शब्द.
कुणी नाही, बाबा. सहज.
"सहज," ते म्हणाले,
ओळखीच्या नसलेल्या पुर्ज्यासारखा
तो शब्द उलटून पाहत.

मग बराच वेळ नुसता श्वास,
त्यामागे काहीतरी धातूचं टेबलावर ठेवल्याचा आवाज.
"तुझ्या आईच्या शिवणयंत्राची मोटर उघडलीय.
जळलेली तार काढून टाकली, नवी घालतोय.
दोनशेच्या पुढं होतो. तुझ्या फोननं आकडा गेला."

चुकलं, म्हटलं. ठेवते मी.
"ठेवू नकोस."
हे त्यांनी इतकं हळू म्हटलं
की ऐकलं की वाटलं, सांगता येणार नाही.

तार रिळावरून परत उलगडल्याची सळसळ.
मग आवाज खाकरून साफ केला त्यांनी,
एक,
दोन,
तीन,
कानाशी फोन धरून मी बसून राहिले.
पडद्यावर एकतीस टक्के,
आणि रेघ, आडवी रेघ,
डावीकडून वर चढायला लागलेली.